मोरीचं इंग्रजी नाव

नव्या घराची किल्ली मिळाली की लोक आधी वास्तुशांत करतात. आम्ही आधी भांडलो. आणि कशावरून, तर सिंकवरून! हो हो, तेच. रात्रीची खरकटी भांडी सकाळपर्यंत ज्यात ताटकळत बसतात, ते.

तर झालं असं, की बाणेरला बारा मजली इमारतीत अकराव्या मजल्यावर आमची 'स्वप्नपूर्ती' झाली. (ईएमआय सुरू झाला, हे या शब्दाचं सरळ मराठी.) बिल्डरने ओट्यात एक सिंक बसवून दिलं होतं. पत्रा इतका पातळ, की नळ सोडला तर पावसाळ्यात गॅरेजच्या छपराखाली उभं राहिल्यासारखं वाटावं. नवरोबांचं म्हणणं, चालतंय की! माझं म्हणणं, एकदाच घर घेतोय, तर स्वयंपाकघर तरी मनासारखं होऊ दे.

आता मनासारखं म्हणजे काय? त्याला जबाबदार केट विन्स्लेट. २००६ साली 'द हॉलिडे' आला, तेव्हा मी कॉलेजात होते. त्यातलं तिचं ते बर्फातलं इंग्लिश कॉटेज पाहिलं आणि हीरोला विसरून मी घराच्याच प्रेमात पडले. तेव्हापासून डोक्यात एकच चित्र. पांढरंशुभ्र, जाडजूड, चौकोनी सिंक, वर पितळी रंगाचा वळणदार नळ, त्याला दोन बाजूंना फुलीच्या आकाराच्या चाव्या आणि समोर खिडकी. पुढे कधीतरी वाचलं, की ते कॉटेज खरं नव्हतंच. बाहेरचं घर इंग्लंडमधल्या शियर गावाजवळच्या शेतात शूटिंगपुरतं उभारलेलं आणि आतल्या खोल्या लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत! पण तोवर उशीर झाला होता. प्रेमात पडल्यावर पत्रिका बघून काय उपयोग?

मग एका शनिवारी आम्ही शोरूममध्ये. एसी, मंद संगीत, हातात कॉफी. आणि समोर... तेच सिंक! सेल्समन म्हणाला, "मॅडम, हे फार्महाउस सिंक. कंट्री स्टाइल. एप्रन फ्रंट." म्हणजे काय, तर आपल्या नेहमीच्या सिंकच्या पुढे ओट्याची चार इंची पट्टी असते, ती इथे नाही. सिंकचीच पुढची भिंत एप्रनसारखी खाली उतरते. हे होतं फायरक्लेचं. म्हणजे खास माती साधारण बाराशे अंश सेल्सिअसला भाजून वर जाड चकाकी चढवलेली. तीस इंची सिंकचं वजन सहज पन्नास किलोच्या घरात जातं, त्यामुळे ओट्याच्या ग्रॅनाईटला ते लटकवता येत नाही, खाली वेगळा आधार बांधावा लागतो. किंमत ४८ हजार. त्यावर शोभेल असा ब्रिज नळ ३१ हजार.

नवरोबांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "एवढ्या पैशात एक म्हैस येईल."

"मग तिला पाणी पाजायला हौद लागेल. तो हाच."

सेल्समन हसला नाही. बहुतेक हा संवाद त्याने आधी ऐकला असावा.

पण हौदाची गोष्ट अगदीच चेष्टेवारी नेण्यासारखी नाही बरं का! अमेरिकेतल्या कोहलर कंपनीची सुरुवात शेतीच्या अवजारांपासून झालेली. १८८३ मध्ये जॉन मायकल कोहलर यांनी जनावरांच्या हौदावर इनॅमल चढवलं, त्याला चार पाय लावले आणि बाथटब म्हणून विकलं, असं ती कंपनी स्वतःच सांगते. म्हणजे हे सगळं 'कंट्री' गोठ्यातूनच घरात आलंय.

घरी येऊन मोठ्या उत्साहाने सासूबाईंना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर-खाली केला, फोटो मोठा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, ही तर मोरी."

"आई, हे फार्महाउस सिंक आहे."

"तेच ते. वाईच्या घरात होती की, दगडी. पाणी तुंबायचं नाही, भांडं आपटलं तरी फुटायचं नाही. घर विकलं तेव्हा कुणी साधा फोटोसुद्धा काढला नाही तिचा. आता तुम्ही तीच विकत आणताय होय? केवढ्याला?"

मी आकडा सांगितला नाही. नवऱ्याने सांगितला. (नवरे अशा वेळी फार प्रामाणिक असतात.)

वाईचं घर २०११ मध्ये विकलं. तिथली मोरी मला लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीपासून आठवते. काळ्या दगडाची, गुडघाभर उंचीचा कठडा, कोपऱ्यात तांब्याचा बंब आणि भिंतीत एक पितळी तोटी. ती तोटी उघडायला दोन्ही हात लागायचे, पण पाणी असं धो धो यायचं, की घंगाळ भरायला मिनिट पुरे. मला तेव्हा ती मोरी अजिबात आवडली नव्हती. उकिडवं बसून भांडी घासायची, साडी भिजायची. सासूबाईंची गुडघेदुखी तिथलीच. म्हणजे 'आमची मोरी' म्हणून त्या आठवण काढतात ती दगडाची. बसण्याची नाही!

असो. पण सासूबाईंच्या त्या एका वाक्याने माझी उत्सुकता चाळवली. हे पांढरं सिंक मुळात कुणाचं? थोडं वाचल्यावर कळलं, की ज्याला आपण आज 'कंट्री लूक' म्हणून भाव देतो, ती चक्क नोकरांच्या खोलीतली वस्तू. मोठ्या इंग्लिश घरांत स्वयंपाकघराच्या मागे भांडी घासायची, भाज्या धुवायची वेगळी खोली असायची, स्कलरी. मालकीणबाई तिथे फिरकायच्याही नाहीत. नाजूक चिनीमातीच्या बशांसाठी बटलरच्या खोलीत वेगळं सिंक, लाकडी किंवा आतून शिसं-तांबं लावलेलं, म्हणजे कपाचा कान उडायला नको. त्यातही बेलफास्ट सिंकला जास्तीचं पाणी वाहून जायला भोक, लंडनच्या बटलर सिंकला नाही, आणि याचं कारण म्हणे लंडनमध्ये पाण्याची टंचाई! ही गोष्ट सांगोवांगीची, पण उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या आमच्या सोसायटीला लगेच पटेल अशी. लँकेशायरमधल्या डार्वेन गावात 'शॉज' नावाची कंपनी १८९७ पासून अशी सिंकं बनवते.

आणि ती एप्रनवाली पुढची भिंत? मला वाटत होतं शोभेसाठी. तर तसं नाही. समोर ओट्याची पट्टी नसल्यामुळे घासणारीला सिंकच्या अगदी जवळ उभं राहता येतं. चार इंच कमी वाकावं लागतं. तासन् तास उभ्याने भांडी घासणाऱ्या बाईच्या पाठीचा हिशेब त्यात आहे.

हे वाचलं आणि पुढच्याच आठवड्यात माझी चांगलीच जिरली.

रंगकाम संपलं होतं. नव्या घराची झाडलोट करायला आमच्या मावशी आल्या होत्या. सात वर्षं आमच्याकडे येतात. मी टेप घेऊन ओट्यापाशी मापं घेत होते. ओटा तेहतीस इंच. शोरूमवाल्या सिंकची खोली दहा इंच. माझ्या उंचीला बरोबर बसत होतं. मी पाच फूट सहा इंच. म्हटलं, मावशींनाही विचारू या. घरात दहा इंच खोल प्लॅस्टिकचा टब होता. दोन स्टुलं आणि रंगाचे रिकामे डबे रचून त्याची कड ओट्याच्या उंचीला आणली आणि तळाशी एक पातेलं ठेवलं.

"मावशी, घासून बघा बरं."

मावशी माझ्या खांद्याला लागतात. त्यांनी पदर खोचला, हात आत घातला आणि पुढे वाकल्या. एवढ्या वाकल्या, की पदर सरकला आणि कंबरेचा पट्टा दिसला. तो जाड, डॉक्टरी पट्टा. सात वर्षांत मी तो पहिल्यांदा पाहिला.

"ताई, ह्यो हौद लई खोल हाय. वरची भांडी हुत्याल, पर तळाचं घासाया कंबर मोडंल. अन् ह्यात कुकर टाकला तर ह्यो फुटंल का कुकर फुटंल?"

"पट्टा कधीपासून, मावशी?"

"झाली की चार वर्सं. सा घरं हायती न्हवं."

सहा घरं. रोज सहा ओट्यांपाशी उभं राहायचं, त्यातला एकही त्यांच्या उंचीचा नाही. आणि आम्ही महिनाभर नवरा-बायको भांडत होतो, पांढरं की स्टीलचं, ४८ की १८, तुझं की माझं. आम्ही दोघं मिळून भांडी किती घासतो? रविवारी. तेही मावशींची सुट्टी असेल तर!

नंतर आमच्या फर्निचरवाल्याने साधा हिशेब सांगितला. सिंकची वरची कड घासणाऱ्याच्या कोपरापेक्षा दोन-तीन इंच खाली हवी. फार वर गेली तर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. फार खाली गेली तर पाठ जाते. आणि हात तळाशी जातो, त्यामुळे खोलीही मोजायची. मावशींची उंची पाच फुटांच्या आत, कोपर साधारण छत्तीस इंचांवर. म्हणजे कड चौतीसच्या आसपास आणि खोली आठ इंचांपेक्षा जास्त नको. पोळ्या लाटायला आणि चिरायला ओटा तेहतीसचाच बरा. म्हणून सिंकपुरता भाग एक इंच उचलला. एका इंचाने काय होतं, असं मीही विचारलं होतं. त्याच टबात मावशींनी घासून दाखवलं, तळाशी ताटं उलटी रचून. खोली दोन इंच कमी, कड एक इंच वर, म्हणजे तळ तीन इंच वर आला. त्या जवळजवळ सरळ उभ्या होत्या.

मग फायरक्ले? मी दोन दिवस रुसले आणि सोडून दिलं. खरं सांगते, ते वाईट अजिबात नाही. ज्यांच्याकडे काचेच्या बश्या, दोन मग आणि एक सॅलडचा बाऊल धुवायचा असतो, त्यांनी खुशाल घ्यावं. पण आपल्याकडे पाच लिटरचा कुकर, बिडाचा तवा, लोखंडी कढई. स्टीलचं भांडं घासलं गेलं की त्या पांढऱ्यावर पेन्सिलीसारख्या करड्या रेघा उठतात. पावडर लावून त्या जातात, पण ती पावडर रोज लावणार कोण? पुन्हा मावशीच! आणि बिडाचा तवा कडेवर आपटला तर चकाकीचा टवका उडतो, तो मात्र कायमचा.

शेवटी एप्रन ठेवला आणि माती सोडली. भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला दोन दुपारी घालवून एक स्टीलचं, एप्रनवालं, एकच मोठ्या खणाचं सिंक मिळालं. दोन खणांचं दिसायला छान, पण एकाही खणात कढई आडवी मावत नाही. घेणार असाल तर चार गोष्टी ऐका. गेजचा आकडा जितका कमी तितका पत्रा जाड, म्हणजे सोळा हा अठरापेक्षा जाड. (मी उलटं समजून दुकानदाराशी वाद घातला होता.) ग्रेड ३०४ म्हणजे साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल, त्याला सहजी गंज धरत नाही. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, "बघा मॅडम, चिकटत नाही, म्हणजे ३०४!" त्यावर जाऊ नका, स्वस्तातल्या २०२ लाही चुंबक बहुधा चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. खाली रबराचे जाड तुकडे लावलेत का, ते वाकून बघा. नसले तर पुन्हा तेच गॅरेजचं छप्पर. आणि कोपरे! एकदम काटकोनी कोपऱ्यांची सिंकं हल्ली फार दिसतात. फोटोत सुंदर. पण त्या कोपऱ्यात भाताचं शीत बसलं की टूथब्रश घेऊन बसा. आमचे कोपरे बोट फिरेल इतके गोल आहेत.

नळाची कथा त्याहून मजेदार. तो फुलीच्या चाव्यांचा ब्रिज नळ मला अजूनही आवडतो. गरम आणि थंड पाण्याच्या दोन चाव्या, मध्ये पुलासारखी आडवी नळी, वर हंसाची मान. पण आमच्या ओट्यावर बिल्डरने लाइनच एक दिली होती, थंड पाण्याची. नवरा म्हणाला, "मग दुसरी चावी नुसती शोभेची. लग्नातल्या फेट्यासारखी." शिवाय साबणाच्या, तेलकट हाताने फुली फिरवायची म्हणजे हात घसरतो. दांड्याचा नळ मनगटानेही सरकतो. अँटिक ब्राँझचा सुंदर गडद रंग होता, तर आमच्याकडे टँकरचं आणि बोअरचं पाणी, क्षारांनी भरलेलं. स्वयंपाकघराच्या नळाला आरओ कोण लावतं? गडद रंगावर पांढरे डाग असे उठतात, की रोज पुसा. साध्या क्रोमवरही उठतात, पण लिंबाची साल फिरवून धुतली की भागतं.

पण मुख्य भानगड प्रेशरची. शोरूममध्ये नळ सोडला की कसा मस्त फवारा येतो! तिथे आत पंप लावलेला असतो. घरी पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतून, नुसत्या उंचीच्या जोरावर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. आमचा नळ टाकीच्या फार तर पाच मीटर खाली, म्हणजे जेमतेम अर्धा बार. आणि कित्येक इंपोर्टेड नळांना किमान एक बार लागतो, हे त्यांच्याच माहितीपत्रकावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. म्हणजे वरच्या मजल्याचे जास्त पैसे मोजायचे आणि नळाला शेळीचं दूध! खालच्या मजल्यांवर हा त्रास नाही. आपण कितव्या मजल्यावर राहतो ते दुकानदाराला आधी सांगा, नळ मग बघा. आम्ही भिंतीतला, दांड्याचा, थंड पाण्याचा साधा देशी नळ घेतला. मान उंच, पण फार नाही, नाहीतर आठ इंच खोल सिंकमधून पाणी थेट पोटावर उडतं.

आणि एक गंमत. हे सगळं चालू असताना सासूबाई एके दिवशी ट्रंकेतून जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. वाईची पितळी तोटी! घर विकताना यांनी प्लंबर बोलावून ती काढून घेतली होती, आणि इतकी वर्षं कुणाला बोलल्या नव्हत्या. "फोटो नाही काढला, पण हे आणलं," एवढंच म्हणाल्या. आमच्या प्लंबरने तोटी हातात घेतली, वजन केल्यासारखी तोलली. "मॅडम, असलं पितळ आता नाही मिळत." मला वाटलं, ही आता कुठली बसायला! पण अर्ध्या इंचाचे आटे, तेव्हाचे आणि आजचे एकच. आतला कुजलेला वायसर बदलला, टेफ्लॉन गुंडाळलं आणि ड्राय बाल्कनीत बसवली. तिला ना जाळी, ना बारीक पाइप. अर्ध्या बारातही बादली भरते. घरातला सगळ्यात जोरात चालणारा नळ आज तोच आहे. एक्झिबिशनला आल्यासारख्या माझ्या मैत्रिणी तिथे उभ्या राहून विचारतात, "कुठून गं घेतलास?" सासूबाई आतून ऐकत असतात.

कंट्री स्टाइलचा माझा किडा पूर्ण गेलाय असं मात्र समजू नका. कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन आलेय. तिथे अजून हातोडीने ठोकून तांब्याच्या भांड्यांवर ठिपके उठवतात, त्याला मठार काम म्हणतात. तसं एक बेसिन बाथरूमला करून घ्यायचा विचार आहे. ओट्याला नको, कारण चिंच-लिंबू पडलं की तांबं तिथेच लख्ख उजळतं आणि बाकीचं काळपट राहतं, मग सगळं चित्त्यासारखं दिसतं. बाथरूममध्ये चिंच कोण नेतंय? नवरोबांना अजून सांगितलेलं नाही. हा अंक ते वाचत नाहीत, त्यामुळे तूर्तास काळजी नाही.

तर, आम्ही ऑक्टोबरात राहायला आलो. मावशींनी पहिल्या दिवशी सिंकपाशी उभं राहून कुकर, कढई, तवा सगळं घासलं. मी उगाच फ्रिजमध्ये काहीतरी शोधत उभी. कसं वाटतंय, विचारायचा धीर होत नव्हता. त्याच म्हणाल्या, "हितं बरं वाटतंय, ताई." मी हवेत!

डिसेंबरात एका सकाळी सात वाजता त्या आल्या. बाहेर धुकं, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बर्फासारखं. दोन ताटं विसळली आणि हात पदरात गुंडाळून उभ्या राहिल्या.

"ताई, ह्या नळाला गरम पानी न्हाई व्हय?"

दोन चाव्यांचा तो नळ! लाइन एकच आहे म्हणून आपण किती हुशारीने हसलो होतो. आता ओट्याखाली तीन लिटरचा गीझर बसेल, पण लाइन वर आणायला सहा टाइल्स फोडाव्या लागतील, असं प्लंबर म्हणतो. त्याच रंगाच्या टाइल्स मिळतील का, ते बघायला शनिवारी पुन्हा टिंबर मार्केट. तोवर रोज सकाळी मावशी यायच्या आधी गॅसवर एक पातेलं तापत ठेवतोय. हे काम नवरोबांकडे आहे.